पाच जणांचे एकवीस मार्क

आमच्या साकोलीच्या कॉलेजात इंग्रजी बँड ऐकणारे आम्ही दोघेच होतो, आणि दोघांत मिळून बँडही दोनच होते. एक माझा, एक त्याचा. साल ऐंशी उलटून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या भागात बँड म्हटलं की नवरदेवाच्या पुढे चालतो तो. माझा बँड तसा नाही, हे चार लोक गिटार घेऊन स्वतःची गाणी गातात, हे मी आईला बऱ्याचदा समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मंग कोणाच्या लग्नात वाजवते हे?"

बँडची खरी नावं इथे लिहीत नाही. तेव्हाही आम्ही ती क्वचितच घेत असू, कारण उच्चार बरोबर आहे की नाही याची दोघांनाही खात्री नव्हती. माझ्या बँडात चार माणसं होती म्हणून तो 'चौघे', त्याच्या बँडात पाच म्हणून तो 'पाच जण'. चौघे एकत्र गायचे, हलकी गिटार, ड्रम नावापुरता. पाच जणांत गाणारा एकच, गिटार करकरीत, आणि मागे सतत ड्रम.

माझा मित्र दिघोरीचा. घरी धानाची शेती, कॉलेजसाठी साकोलीत खोली करून राहायचा. गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, तो लहानपणापासून ढोलकीसारखी नाल वाजवत आलेला. वर्गात बसला तरी त्याची बोटं बाकावर चालू असत आणि रोज एक तरी सर त्याला थांबवत. नागपूरला त्याचे मामा नोकरीला होते. त्यांच्याकडे त्याने पाच जणांची कॅसेट ऐकली आणि परत येताना मामांनी ती त्यालाच देऊन टाकली. दुकानातून घेतलेली, छापील, आतल्या कागदावर आठ गाण्यांची नावं आणि प्रत्येकापुढे मिनिटं-सेकंद. पण ती वाजवायला त्याच्याकडे काही नव्हतं. टेप होता तो आमच्या घरी.

आमचा टेप म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकाच पेटीत असलेलं टू-इन-वन. वडिलांनी ओळखीच्या एका गृहस्थांकडून वापरलेलं घेतलं होतं. चौघांची माझ्याजवळ जी गाणी होती ती मी त्याच पेटीवर, तिच्याच रेडिओवरून उतरवून घेतलेली. परदेशी केंद्रावर दर रविवारी सकाळी इंग्रजी गाण्यांचा अर्धा तास असायचा. आठ महिन्यांत माझ्या हाती अकरा गाणी लागली. त्यातली चार सुरुवातीला कापलेली होती, कारण गाणं चौघांचंच आहे हे ओळखून बटण दाबेपर्यंत पाच-सात सेकंद जायचे.

कॉलेज सुटल्यावर तो आमच्या घरी यायचा. एक बाजू माझी, एक बाजू त्याची, असा नियम होता. ऐकून झालं की भांडण.

"तुझे चौघं रडते बे," तो म्हणायचा. "मयतीत बसल्यावानी."

"आणि तुझ्या पाच जणांत गाणाऱ्याचा घसा बसला आहे."

"थो घसा नोको पाहू. मागचा ड्रम आयक."

मी ऐकायचो. मला तो ड्रम जड वाटायचा. जोर भरपूर, पण ओढत चालल्यासारखा. मी तसं सांगितलं की तो म्हणायचा, "मामाकडे हे असं नाही वाजत. तिकडे ड्रम पळते. इथं चिखलातून चालल्यावानी चालून राहिला."

"मामाकडे किती वेळा ऐकलंस?"

"दोनदा."

"आणि इथं?"

"शंभरदा असन."

"मग?"

विषय तिथेच सुटायचा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मामाकडे असं नाही, मामाकडे आवाज एवढा जाड नाही. आमच्या वर्गातले तिघं जण कधी कधी गाणी ऐकायला यायचे. त्यांच्या कानावर हे सारखं पडायचं आणि त्यांनी ते कॉलेजात नेलं. उपाहारगृहातला चहा पाणीदार निघाला की एक म्हणायचा, "मामाकडे असा नाही राहत." गणिताचा पेपर कठीण गेला की, "मामाकडे सोपा निघते." पुढे पुढे त्याला हाकच 'मामाकडे' अशी पडली. तो हसायचा, पण ते हसू वरवरचं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी त्या हाकेत कधी सामील झालो नाही. थांबवलंही नाही.

शेवटच्या वर्षी जानेवारीत गॅदरिंग होतं. कार्यक्रम बसवणारे सर तसे कडक, पण ऐकून घेणारे होते. आम्ही दोघं वेगवेगळे जाऊन त्यांना भेटलो आणि दोघांनीही इंग्रजी गाण्याची परवानगी मागितली. सर म्हणाले, "इंग्रजी एकच घेईन. पाच मिनिटं. कोणतं ते तुम्ही दोघं ठरवा आणि शनिवारी सांगा. माझ्यासमोर भांडू नका."

माझी कल्पना अशी की मी आणि ते तिघं मिळून चौघांचं एक गाणं हार्मोनियमवर म्हणायचं. त्याची मागणी वेगळी होती. त्या दिवशी भंडाऱ्याची एक ऑर्केस्ट्रा पार्टी येणार होती आणि तिच्याबरोबर खरा ड्रमसेट येणार होता, पायाने मारायचा मोठा ड्रम, पितळी थाळ्या, सगळं. पाच जणांची कॅसेट लाउडस्पीकरवर लावायची आणि तिच्याबरोबर त्याने त्या ड्रमवर वाजवायचं, एवढं त्याला हवं होतं. त्याने खरा ड्रमसेट तोवर फक्त लांबून पाहिला होता. पाच महिने तो आमच्या घरी आमच्या पेटीवर गाणं लावून दोन उशा, एक पत्र्याचा डबा आणि एक ताटली यांच्यावर सराव करत होता. कॉलेज संपलं की तो दिघोरीला परत जाणार, शेती पाहणार, हे घरी ठरलेलं होतं. म्हणजे त्याच्या दृष्टीने ही पाच मिनिटं पहिली आणि शेवटची. हे तो मला स्पष्ट बोलला होता.

"एक डाव त्याच्यावर बसाचं आहे बे. मंग काय, मंग चिखलच तुडवाचा आहे."

ठरवायचं कसं, हा प्रश्न होता. चिठ्ठ्या टाकू असं मी म्हणालो. तो म्हणाला, "नाही. चिठ्ठी म्हणजे नशीब झालं. तू मार्क दे."

"मी कसे देऊ? माझाच एक बँड आहे."

"तू बेइमानी नाही करत. मले मालूम आहे. तू मोजून सांगशीन ते कबूल."

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही, आणि त्यात माझी स्तुती आहे म्हणून नाही.

मी मार्क द्यायला बसलो ते माझ्या पद्धतीने. शंभरपैकी. गळा तीस, गिटार तीस, ड्रम आणि ताल तीस, टापटीप दहा. शब्दांना मार्क ठेवले नाहीत. दोन्ही बँडच्या गाण्यांतले फार तर चार आण्यांचे शब्द मला कळत होते, आणि पेपर वाचता येत नसेल तर तपासू नये असं मी मानतो. प्रत्येक बँडची तीन गाणी घेतली आणि प्रत्येक गाणं तीनदा ऐकलं. हातात वडिलांचं सेकंदकाटा असलेलं घड्याळ होतं.

पाच जणांची गाणी मोजताना एक गोष्ट मला खटकली. पहिल्या गाण्यापुढे छापलं होतं चार मिनिटं बारा सेकंद. माझ्या घड्याळाने ते चार मिनिटं चाळीस सेकंद चाललं. दुसरं छापील तीन छत्तीस, मोजून चार मिनिटं. तिसरं छापील पाच चोवीस, मोजून सहा मिनिटं आणि वर एखादा सेकंद. मी असा सोडून देणारा माणूस नाही. सेल उतरले असतील म्हणून नवे सेल घातले. चार चाळीस. सेल काढून विजेवर लावलं. चार चाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवे नीट जळत असताना, म्हणजे विजेचा दाब पुरा असताना, पुन्हा. चार चाळीस. पाहा, यंत्र दर वेळी तोच आकडा देतं, म्हणजे यंत्रात दोष नाही, असं मी ठरवलं. मग दोष कोणाचा? कागद छापणाऱ्यांचा. ज्यांना आपल्याच गाण्याची लांबी नीट छापून घेता येत नाही त्यांच्या टापटिपीचे तीन मार्क मी कापले.

चौघांची गाणी रेडिओवरची, त्यांना छापील कागदच नव्हता. त्यामुळे तिथे कापायला काही सापडलं नाही.

निकाल असा लागला. चौघे : गळा चोवीस, गिटार एकवीस, ड्रम आणि ताल बावीस, टापटीप आठ. एकूण पंच्याहत्तर. पाच जण : गळा सतरा, गिटार तेवीस, ड्रम आणि ताल सोळा, टापटीप पाच. एकूण एकसष्ट. गळ्यापुढे शेरा लिहिला, 'फार जाड'. ड्रमपुढे लिहिलं, 'ओढत चालतो'.

तो तक्ता मी त्याला एकट्याला दाखवायला हवा होता. पण ते तिघंही त्या वेळी आमच्याकडे बसलेले होते आणि मी सगळ्यांसमोर वाचला. ड्रमला सोळा म्हटल्यावर तिघांतला एक म्हणाला, "मामाकडे सत्तावीस भेटले असते," आणि बाकीचे दोघं हसून लोळले. त्याने तक्ता माझ्या हातातून घेतला, बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

"कबूल," तो म्हणाला.

शनिवारी मी सरांना तक्ता दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि चौघांचं गाणं यादीत लिहिलं.

गॅदरिंगला दुपारी मी आणि त्या तिघांनी मिळून गाणं म्हटलं. आमच्या गाण्यात ड्रमला जागा नव्हती. मी त्याला खंजिरी घे म्हणालो आणि त्याने ती घेतली, शेवटच्या कडव्यात आठ ठिकाणी वाजवायची होती ती आठही ठिकाणी अचूक वाजवली. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. नंतर ऑर्केस्ट्रावाले सामान लावत होते तेव्हा तो ड्रमजवळ जाऊन उभा राहिलेला मी पाहिला. त्याने एका थाळीला बोट लावलं. ड्रमवाला म्हणाला, "ए भाऊ, हात नको लगाव." तो मागे सरकला.

परीक्षा झाल्यावर तो दिघोरीला गेला. जाताना कॅसेट माझ्याकडेच ठेवून गेला. "मी कायवर वाजवू? राहू दे तुझ्यापाशी," म्हणाला. राग दिसला नाही. पत्र टाकतो म्हणाला, पण त्याचं पत्र आलं नाही. मीही टाकलं नाही.

त्याच वर्षी आषाढात आमची पेटी बंद पडली. बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे नेली. दुकानदाराने ती उघडली, तुटलेली एक तार जोडली आणि आपल्या एका कॅसेटवर चालवून पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग शेजारी दुसरा टेप ठेवून तीच कॅसेट त्याच्यावर वाजवली.

"भाऊ, हे तुमचं मशीन धीमं आहे."

"नाही हो. मी मोजून पाहिलं आहे. दर वेळी सारखंच चालतं."

"सारखंच चालते, पण सारखंच धीमं चालते ना. आधी कोणी मोटर बदलली याची. दुसऱ्याची बसवली. तुमाले आतापर्यंत समजलंच नाही?"

त्याने बारीक पेचकस मोटरच्या भोकात घातला, अर्धा फेरा फिरवला, पुन्हा पाव फेरा, आणि दोन्ही टेप बरोबरीने वाजू लागल्यावर पेटी बंद करून माझ्या हाती दिली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

घरी आणून मी सवयीने चौघांची कॅसेट लावली. चौघे किनऱ्या आवाजात भरभर गाऊ लागले. आई आतून म्हणाली, "काहून गा, ह्या बाया कोणत्या आणल्या?"

मी बंद केली आणि तिथेच बसून राहिलो. मला ते समजायला फार वेळ लागला नाही. चौघांची गाणी मी याच पेटीवर भरली होती आणि याच पेटीवर ऐकत होतो. भरताना धीमी, ऐकतानाही तेवढीच धीमी, त्यामुळे गाणं ठीक वाजायचं. आज पेटी सुधारली म्हणून ते पळायला लागलं. पण पाच जणांची कॅसेट दुकानातली होती, ती नीट चालणाऱ्या यंत्रावर भरलेली. आमच्या पेटीवर ती आजवर कधीच नीट वाजली नव्हती.

मग मी ती लावली. घड्याळ घेतलं. पहिलं गाणं चार मिनिटं बारा सेकंद. गाणाऱ्याचा घसा मोकळा होता, जाड नव्हता, चांगला तरणा आवाज होता. आणि ड्रम पळत होता. दुसरा शब्द मला सापडत नाही, तोच त्याचा शब्द बरोबर होता.

तक्ता काढला. चार बारा म्हणजे दोनशे बावन्न सेकंद, चार चाळीस म्हणजे दोनशे ऐंशी. नऊला दहा. तीन छत्तीसला चार मिनिटं, नऊला दहा. पाच चोवीसला सहा, नऊला दहा. तिन्ही गाण्यांत एकच प्रमाण. छापणाऱ्याने चूक केली असती तर ती तीन ठिकाणी तीन प्रकारची झाली असती. एकाच प्रमाणात चुकतं ते यंत्र. हे आठवीच्या मुलाला कळावं असं गणित माझ्या हस्ताक्षरात सहा महिने माझ्या वह्यांत पडून होतं, आणि त्याच्या जोरावर मी दुसऱ्याचे तीन मार्क कापले होते.

नव्याने मार्क दिले. गळा बावीस, गिटार पंचवीस, ड्रम आणि ताल सत्तावीस, टापटीप आठ. एकूण ब्याऐंशी. चौघांचे पंच्याहत्तर बदलायचं कारण नव्हतं, ते मी ठीकच ऐकले होते. म्हणजे पाच जणांचे एकवीस मार्क मी कमी दिले होते, आणि ड्रमचे एकट्याचे अकरा.

लिहितो आहे तर हेही लिहितो, की त्यानंतर मी नऊ दिवस काहीच केलं नाही. गॅदरिंग होऊन गेलेलं. मी बोललो नाही तर कोणाला कधी कळणार नव्हतं. तक्ता फाडायचा विचारही एकदा आला. दहाव्या दिवशी पेटी पोत्याच्या पिशवीत घातली, सहा नवे सेल घेतले आणि दिघोरीच्या बसमध्ये बसलो.

त्याच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. पाण्याने भरलेल्या बांधीत दहा-बारा बाया वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत होत्या आणि तो काठच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या जुड्या फेकत होता. मला पाहून त्याने हात वर केला. "काय गा, पिशवीत काय आणलं? बकरा?"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्या घरी छपरीत बसलो. मी काही न सांगता कॅसेट लावली. तो हात धुवायला उठला होता तो तसाच चिखलाच्या हातांनी उभा राहिला. गाणं संपेपर्यंत जागचा हलला नाही.

"पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा त्याने रॉकेलचा रिकामा पिपा ओढला आणि दोन काटक्या घेऊन वाजवायला बसला. पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो मागे पडला. थांबला. पुन्हा धरलं, पुन्हा मागे पडला.

"हात तुझ्या मशीनवर बसला ना बे," तो म्हणाला. "पाच महिने."

मग मी सगळं सांगितलं. मोटर, पेचकस, नऊला दहा. नवा तक्ता दाखवला. त्याने या वेळी बेरीज तपासली नाही. कागद परत दिला.

"मी सांगत नव्हतो? मामाकडे असं नाही वाजत म्हणून?"

"सांगत होतास."

"किती डाव सांगितलं?"

"मोजलं नाही."

"ते नाही मोजलं," तो म्हणाला.

बाहेरून त्याच्या वडिलांनी हाक मारली, बाया बांधीत उतरल्या होत्या. तो उठला. दारात जाऊन वळला. "मले सांगून काय फायदा? मले तर मालूमच होतं. त्या तिघायले सांग. आन सरले सांग. त्यायच्यासमोर वाचला होता ना तू? मंग त्यायलेच सांग. सांगून झालं का ये."

मी हो म्हणालो. त्याने पेटीकडे पाहिलं. "आन हे तवर इथंच राहू दे."

ते तिघं सापडायला तीन आठवडे लागले. एकाने साकोलीतच पानठेला टाकला होता. मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोणता तक्ता?" त्याला काहीच आठवत नव्हतं. मी मित्राची खूण सांगितली तर लगेच म्हणाला, "अरे, मामाकडे! कसा आहे मामाकडे?" तक्ता विसरला होता, हाक ध्यानात होती. मी म्हणालो, "तो बरोबर होता. मामाकडे खरंच तसं वाजत होतं." त्याने चुना लावता लावता मान हलवली. "असं काय. चूकच झाली मंग." दुसरा गावी होता, त्याने नीट ऐकून घेतलं आणि दिघोरीला निरोप पाठवतो म्हणाला. पाठवला, हे मला नंतर कळलं. तिसरा हसला आणि म्हणाला, तू यासाठी तिकीट काढून आलास? मी म्हणालो, हो.

सर तोवर शहापूरला राहायला गेले होते. तिथून रोज भंडाऱ्याला शिकवायला जात. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा ते अंगणात सायकल पुसत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि दोन्ही तक्ते दिले. त्यांनी सायकल भिंतीला लावली, आत जाऊन चष्मा आणला, दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचले.

"तुमचा तक्ता पाहून मी ठरवलं," ते म्हणाले. "तुम्ही ठरवा म्हणालो होतो खरा, पण मनातून मी त्या दिघोरीच्या मुलाचंच गाणं घेणार होतो. वर्गात तो बाकावर वाजवायचा ते मी ऐकलेलं होतं. ऑर्केस्ट्रावाल्यांना मी आधीच विचारून ठेवलं होतं, आमचा एक मुलगा पाच मिनिटं तुमच्या ड्रमवर बसेल, चालेल ना. ते चालेल म्हणाले होते."

मी दोन्ही तक्ते उचलून घडी घातली.

"तुम्ही इतकं मोजून आणलं होतं," सर म्हणाले, "की मग मला माझ्या कानाचं खरं वाटेना."

त्यांनी मला चहा दिला. निघताना म्हणाले, "त्याला सांगा, मी विचारलं होतं म्हणून."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत आलो की हे त्याला सांगावं की नाही. मिळणार होतं आणि गेलं, हे कळून त्याला आणखी वाईट वाटेल असं मला वाटत होतं. पण सरांनी सांगा म्हटलं होतं, आणि कोणाचं काय होईल याचा माझा अंदाज किती खरा निघतो हे मी नुकतंच पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात दिघोरीला गेलो. रोवणा संपला होता. तो छपरीत पिप्यावर वाजवत होता, पेटीतून गाणं चालू होतं आणि तो गाण्याच्या बरोबरीने चालला होता, कुठेही मागे न पडता. गाणं संपेपर्यंत मी बाहेर थांबलो.

तिघांचं सांगितलं. पानठेलेवाल्याचं ऐकून तो म्हणाला, "त्याले काय आठवन, त्याले उधारीवाल्याचंही नाव नाही आठवत." मग सरांचं सांगितलं, जसंच्या तसं.

त्याने काटक्या पिप्यावर ठेवल्या.

"विचारून ठेवलं होतं म्हणते?"

"हो."

"मी सांगाच्या आधी?"

"तू त्यांना भेटलास त्याच्यानंतर. पण तक्ता द्यायच्या आधी."

"काय म्हणाले? बराबर सांग."

मी पुन्हा सांगितलं. वर्गात तो बाकावर वाजवायचा ते मी ऐकलेलं होतं. आमचा एक मुलगा पाच मिनिटं तुमच्या ड्रमवर बसेल.

"आमचा एक मुलगा असं म्हणाले?"

"असंच."

त्याने नवा तक्ता मागितला नाही. ब्याऐंशी मार्कांबद्दलही काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "खरं सांग. आता तुले कोणता आवडते? चौघं का पाच जण?"

मी खरं सांगितलं. "चौघेच."

"ब्याऐंशी देऊन?"

"ब्याऐंशी देऊन."

"मंग हे मार्क होते कायचे बे?" तो मोठ्याने हसला. गॅदरिंगनंतर मी त्याला पहिल्यांदा तसं हसताना पाहिलं.  आता माझे केस पांढरे झाले आहेत, आणि आजही आम्ही भेटलो की एक बाजू त्याची, एक बाजू माझी ऐकतो, पण मार्क कोणी देत नाही.

त्याची आई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली आणि निवडायला बसली. तो म्हणाला, "आईले सांग."

"काय सांगू?"

"सर काय म्हणाले ते."

मी तिला सांगितलं. तिने सूप खाली ठेवून ऐकलं आणि विचारलं, "कोणता ड्रम, गा?" तेव्हा त्याने पिपा मध्ये घेतला, पाय कुठे मारायचा, थाळ्या कोणत्या बाजूला असतात, माणूस मधे कसा बसतो, ते तिला हातवारे करून दाखवायला सुरुवात केली.